कळकणे

मराठी स्वयंपाकघरात 'कळकणे' असे एक क्रियापद आहे, आणि ज्या ज्या घरातून पितळेची भांडी गेली त्या त्या घरातून तेही त्यांच्या मागोमाग गेले. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिले, आमसुलाचे सार उतरवून ठेवले, चिंचेची आमटी रात्रभर झाकून पडली, की सकाळी त्या जिनसाला एक हिरवट, तुरट, जिभेच्या मुळाशी रेंगाळणारी चव येई. मग घरातील वडीलधारी बाई पळीच्या टोकाने ती चाखून 'कळकली' एवढा एकच शब्द उच्चारी आणि सगळे पातेले मोरीत उपडे होई. भाताचे शीतही वाया जाऊ न देणारी ती बाई या एका बाबतीत क्षणाचाही विचार करीत नसे. कळकलेले खाल्ले की मळमळते, पोटात ढवळते, ओकारी होते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता आणि त्याचा निकाल त्या एका शब्दात साठवलेला होता. परंतु तांबे शरीरात साचले म्हणजे यकृताचे काय होते, आणि यकृत बिघडले म्हणजे मेंदूचे व मज्जातंतूंचे काय होते, याचा उलगडा होण्यास वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाची बहुतेक सारी वर्षे खर्ची घालावी लागली. त्या उलगड्याचा एक धागा लंडनच्या एका रुग्णालयातून निघतो आणि दुसरा पुण्याच्या आसपासच्या गावांतील दुधाच्या भांड्यापाशी येऊन पोहोचतो. त्या दोन धाग्यांची हकीकत मला येथे सांगावयाची आहे.

आमच्या लहानपणी वाड्याच्या चौकात वर्षातून दोनदा कल्हईवाला बसे. 'भांड्याला कल्हईऽऽ' अशी त्याची आरोळी बोळाच्या तोंडाशी ऐकू आली की घराघरांतून पातेली, तपेल्या, परातींचा ढीग चौकात येऊन पडे. तो जमिनीत वीतभर खड्डा करी, त्यात कोळसे रचून चामड्याच्या भात्याची नळी खाली सोडी आणि भाता मारू लागे. राख-चिंचेने घासलेले पातेले पकडीत धरून निखाऱ्यांवर फिरवता फिरवता ते पुरेसे तापले की तो नवसागराची चिमूट आत टाकी, आणि पांढऱ्या धुराचा एक लोट असा उठे की पाहणाऱ्यांच्या नाकात झिणझिण्या येऊन डोळ्यांतून पाणी वाहू लागे. मग कथलाची कांडी भांड्याच्या तळाला नुसती टेकवावयाची आणि कापसाचा बोळा गरगर फिरवावयाचा. त्या बोळ्याच्या मागोमाग काळपट पिवळ्या धातूवर पांढरे पाणी धावत जावे तशी कल्हई पसरत जाई. भांडे बादलीत बुडाले की चर्र असा आवाज होई, आणि तो आवाज ऐकल्याशिवाय आम्ही मुले तेथून हलत नसू. त्या नवसागराच्या धुरात डोळे झोंबवणारा जो भाग असे तो अमोनिया. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुढे यकृताच्या आणि मेंदूच्या संबंधात ते पुन्हा यावयाचे आहे.

ही कल्हई म्हणजे नुसती शोभा नव्हती. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थ त्याला लागला की तांबे सुटते आणि अन्नात उतरते. कथील मात्र आंबटाला सहसा दाद देत नाही, म्हणून तांबे-पितळेच्या पोटाला कथलाचा पातळ थर देऊन अन्न आणि धातू यांच्यामध्ये एक आडपडदा धरावयाचा, एवढीच त्यातील युक्ती. ती किती जुनी आहे हे सांगणे अवघड. पण पेशवाईच्या अमदानीत कोकणातून पुण्यात येऊन कसबा पेठेत वसलेल्या तांबटांची आळी आजही तांबट आळी याच नावाने ओळखली जाते, आणि बंब, घंगाळे, हंडे, पिंपे घडविणाऱ्या त्या हातोड्यांचा नाद ज्याने ऐकला आहे त्याला या धातूचा आपल्या संसारात केवढा सरंजाम होता हे निराळे सांगावयास नको. लग्नात मुलीला द्यावयाची भांडी पितळेची, अडीअडचणीला गहाण टाकावयाची भांडी पितळेची, मोड झाली तरी वजनावर दाम देणारी भांडी पितळेची. कल्हईचे कथील मात्र या मुलुखात निघत नसे. ते समुद्रापलीकडून, मुख्यत्वे मलायाकडून येई, आणि १९४२ साली मलाया व सिंगापूर जपानच्या हाती गेल्यावर त्याची चणचण भासली. कल्हई ही पैसे खर्च करून वरचेवर करावी लागणारी गोष्ट होती, आणि ज्या घरी पैशाची ओढ असे त्या घरी ती लांबणीवर पडे, ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तांब्याच्या उपद्रवाची जाणीव आपल्या शास्त्रांनाही नव्हती असे नाही. पात्र म्हणून ताम्राची थोरवी गाणाऱ्या त्याच परंपरेत रसशास्त्राच्या ग्रंथकारांनी अशुद्ध ताम्राला विषाहूनही अधिक दोषी ठरविले आहे: विषात दोष एक, तर अशुद्ध ताम्रात आठ, अशी त्यांची गणना, आणि त्या आठांत वांतीच्या जोडीला भ्रांतीचाही समावेश आहे. मनाचा गोंधळ हा तांब्याच्या दोषांत मोजावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मात्र तिच्यावरून त्या ग्रंथकारांना सारे ठाऊकच होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे.

आता यकृताकडे वळू. दीर्घ आजाराने आक्रसून कठीण व गाठीगाठींचे झालेल्या यकृताला सिरोसिस हे नाव फ्रान्समधील लाएनेक याने १८१९ साली दिले, ते त्या यकृताच्या पिंगट रंगावरून, ग्रीक शब्द योजून. असे यकृत घेऊन जगणाऱ्या माणसाच्या वागण्यात विक्षेप येतो, दिवसा झोप आणि रात्री जाग असा उलटा क्रम लागतो, बोलणे तुटक होते, हस्ताक्षर बिघडते, आणि शेवटी तो बेशुद्धीत जातो, हे जुन्या वैद्यांनी पाहिलेले होते. परंतु का, हे कोणी सांगू शकत नव्हते. १८७७ साली रशियातील एक (Eck) या नावाच्या शल्यवैद्याने कुत्र्याच्या आतड्यांकडून यकृताकडे जाणारी रक्तवाहिनी यकृताला वगळून थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया केली, आणि १८९३ साली पीटर्सबर्ग येथे पाव्हलॉव्ह व त्याचे सहकारी यांनी अशा कुत्र्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांना मांस खाऊ घातले की ती कुत्री चिडखोर होत, झोकांड्या खात, आंधळ्यासारखी भिंतींवर आदळत, त्यांना झटके येत आणि ती निपचित पडत. मांसाच्या पचनातून निघणारा अमोनिया रक्तात उतरतो, निरोगी यकृत त्याचे युरिया करून त्याचा बंदोबस्त करते, आणि यकृताला वळसा घातला की तोच अमोनिया मेंदूपर्यंत जातो, हा त्यातून निघालेला मुख्य बोध. वाड्याच्या चौकात ज्याने आमचे डोळे झोंबत त्याच वायूला पोटात रोजच्या रोज अडवून धरणारा पहारेकरी म्हणजे यकृत, हे मला कळले तेव्हा त्या धुराची आठवण पुन्हा झाल्याशिवाय राहिली नाही.

१९४९ साली बॉस्टनमधील अ‍ॅडम्स आणि फोली या दोघा मज्जाविकारतज्ज्ञांनी यकृताच्या अशा रोग्यांची एक खूण नोंदविली. रोग्याला दोन्ही हात पुढे पसरून, बोटे फाकून, मनगटे वर उचलून धरावयास सांगावे. क्षणभर हात स्थिर राहतात आणि मग मनगट आपोआप गळते, लगेच सावरते, पुन्हा गळते, पाखराने पंख फडफडवावेत तसे. स्नायू एक क्षणभर आपली पकडच सोडून देतो, म्हणून पुढे त्यांनी या खुणेला 'स्थिर न राहणे' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. आजही कोणत्याही रुग्णालयाच्या कक्षात सकाळच्या फेरीत डॉक्टर रोग्याला हात पुढे करावयास सांगतात ते याचसाठी. फार पुढे गेलेल्या सिरोसिसमध्ये हातापायांच्या टोकांच्या मज्जातंतूंनाही इजा होते, तळपायांना मुंग्या येतात, स्पर्श बोथट होतो. नाडीचे आणि रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या तंतूंचेही कार्य मंदावते. मात्र या सर्वांत तांब्याचा संबंध नाही. तो संबंध निराळ्याच वाटेने पुढे आला.

सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन हा स्कॉटलंडमध्ये वाढलेला तरुण वैद्य लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील मज्जाविकारांच्या रुग्णालयात काम करीत असता काही विलक्षण रोगी त्याच्या पाहण्यात आले. वयाने तरुण, कुटुंबात आणखी एखादे भावंड तसेच. आधी हात थरथरू लागे, मग बोलणे अस्पष्ट होई, गिळणे कठीण, तोंडातून लाळ गळत राही, अवयव ताठ होऊन वाकडे पडत, आणि चेहऱ्यावर एक न मावळणारे हसू गोठून राही. बुद्धी बरीचशी शाबूत, संवेदना शाबूत, आणि तरीही रोगी काही महिन्यांत वा वर्षांत मरून जाई. विल्सनने आपले रोगी आणि पूर्वीच्या वैद्यांनी नोंदून ठेवलेले रोगी मिळून बारा जणांची साद्यंत छाननी केली आणि १९१२ साली 'ब्रेन' या नियतकालिकात दोनशेहून अधिक पानांचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने मेंदूच्या तळाशी असलेल्या, मसुराच्या आकारावरून नाव मिळालेल्या केंद्राचा नाश दाखविला. पण त्या प्रबंधातील मला सर्वांत चकित करणारी गोष्ट वेगळी आहे. या रोग्यांपैकी कोणाचीही जिवंतपणी यकृताची म्हणावी अशी तक्रार नव्हती, आणि शवविच्छेदनाच्या मेजावर प्रत्येकाचे यकृत गाठीगाठींचे निघाले. हात थरथरतो म्हणून आलेल्या माणसाचा रोग त्याच्या उजव्या बरगडीखाली दडून बसलेला होता. यकृतातून एखादे विष निघून मेंदूला जाते असा तर्क विल्सनने केला. रोग कुटुंबात आढळतो हे त्याने पाहिले, पण तो आनुवंशिक आहे असे तो म्हणाला नाही. आणि ते विष कोणते हे त्याला १९३७ साली मृत्यू येईपर्यंत कळले नाही.

वास्तविक त्या विषाचा पत्ता लागण्यास आवश्यक असे दाखले तुकड्यातुकड्यांनी दप्तरात जमा होत होते. १९०२ साली कायझर याने आणि पुढच्या वर्षी फ्लायशर याने अशा रोग्यांच्या बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी कडे पाहिले होते. विल्सनचा प्रबंध निघाला त्याच १९१२ साली जर्मनीत फॉन ह्योस्लिन व आल्त्सहायमर यांनी अशाच एका रोग्याच्या मेंदूतील आधारपेशी फुगून विचित्र झालेल्या पाहिल्या. अमोनियाने बेशुद्धीत गेलेल्या यकृतरोग्यांच्या मेंदूत अगदी तशाच पेशी असतात हे अ‍ॅडम्स व फोली यांनी चाळीस वर्षांनी दाखविले. १९१३ साली रुम्पेल याने अशा एका रोग्याच्या यकृतात तांब्याचा अधिक साठा नोंदविला. १९२१ साली हॉल याने रोग आनुवंशिक असल्याचे मांडले. पण डोळ्याचा वैद्य डोळा पाहत होता, मेंदूचा वैद्य मेंदू, आणि रुम्पेलची ती नोंद फारशी कोणाच्या ध्यानात न येता धूळ खात पडली होती. त्या नोंदीची रुजुवात होण्यास ३५ वर्षे जावी, आणि तेवढ्या काळात त्या रोगाची सारी मुले उपचारावाचून मरावीत, याची हळहळ आजही वाटते.

१९४८ साली लंडनमध्ये कमिंग्ज याने या रोगाने मेलेल्यांच्या यकृतात आणि मेंदूत दोन्हीकडे तांबे मोजले आणि ते बेसुमार असल्याचे निर्विवाद सिद्ध केले. मग चक्रे वेगाने फिरली. दुसऱ्या महायुद्धात सोमलयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्ड येथे सिद्ध झालेले एक औषध धातूंना पकडून शरीराबाहेर नेते असे आढळले होते. १९५१ पर्यंत ते या रोग्यांना देऊन पाहण्यात आले, आणि काहींचे थरथरणारे हात खरोखरीच सावरले. पण त्याची सुई अत्यंत वेदनादायक, आणि गुण टिकेनासा. त्या अवस्थेत जॉन वॉल्श हा इंग्रज वैद्य बॉस्टनला असता त्याला असा एक रोगी दाखविण्यात आला. यकृताच्या रोग्यांना पेनिसिलिन दिल्यावर त्यांच्या लघवीत पेनिसिलामीन नावाचे एक द्रव्य उतरते हे त्याने पूर्वी लंडनला पाहिले होते; त्या द्रव्याची रचना तांब्याला धरण्याजोगी आहे हे त्याच्या ध्यानात आले. थोडेसे पेनिसिलामीन मिळवून त्याने पहिली मात्रा स्वतः घेतली, आपल्याला काही होत नाही हे पाहिले आणि मग रोग्याला दिली. लघवीतून तांबे वाहू लागले. १९५६ साली त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. तोंडाने घ्यावयाच्या गोळीने, जन्मभर घेतली तर, आवाक्यात येणारा असा मेंदूचा एक आनुवंशिक रोग त्या दिवसापासून अस्तित्वात आला. १९९३ साली दोष कोठे आहे तेही सापडले: यकृतातून पित्तावाटे तांबे बाहेर टाकणाऱ्या पंपाची जी जनुकीय आज्ञा, तीच या माणसांत मोडलेली असते. निरोगी माणसाच्या सबंध शरीरात मिळून सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते; या माणसांत बाहेर पडण्याची वाटच बंद असल्याने ते यकृतात साचत जाते, यकृत भरले की रक्तात सांडते, आणि मेंदूत व बुबुळाच्या कडेला जाऊन बसते.

या रोगाला परदेशी समजण्याचे कारण नव्हते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात काम करणारे डॉ. दाराब दस्तूर, डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी हिंदुस्थानातील १६ कुटुंबांमधील विल्सनच्या रोगाचा वृत्तांत १९६८ साली सविस्तर प्रसिद्ध केला, तेव्हा ही गोष्ट पक्की झाली.

याच सुमारास, किंबहुना त्याच्या कितीतरी आधीपासून, आपल्याकडे यकृताचा दुसरा एक रोग घराघरांतून तान्ही मुले नेत होता. १८८७ साली कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी त्याचे पहिले वर्णन केले, पुढे गिबन्स या इंग्रज डॉक्टराने १८९१ साली. आणि तेव्हापासून शंभर वर्षे 'हिंदी बालकांचा सिरोसिस' हे नाव वैद्यकीय ग्रंथांतून कायम झाले. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचे मूल. मुलींपेक्षा मुलगे अधिक. बहुधा हिंदू कुटुंबातले, आणि उपाशी घरातले नव्हे तर दुधादुभत्याच्या घरातले. मूल किरकिर करू लागे, पोट फुगू लागे, बारीक ताप राही; आईला आंघोळ घालताना बरगडीखाली पानाच्या धारेसारखी कठीण कड हाताला लागे. मग डोळे पिवळे होत, पायांवर सूज येई, पोटात पाणी साचे, आणि कावीळ दिसल्यापासून काही महिन्यांच्या आत ते मूल ग्लानीत जाऊन संपे. ती शेवटची ग्लानी म्हणजे पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना आली तीच मेंदूची अवस्था. एकाच आईची लागोपाठ दोन-तीन मुले अशी जात. कोणी दृष्ट म्हणे, कोणी आईच्या दुधाला दोष देई, आणि मला सर्वांत क्लेश होतो तो या दुसऱ्या आरोपाने; कारण त्या आरोपाची परिणती अशी होई की पुढच्या मुलाचे अंगावरचे दूध लवकर तोडून त्याला वरचे दूध आणखी लवकर सुरू केले जाई.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट रंगाने रंगवून पाहिले तेव्हा त्यांत तांबे धरणाऱ्या प्रथिनाचे दाट कण दिसले. १९७९ साली 'लॅन्सेट' मध्ये दोन निबंध आले: एक हान्स पॉपर आणि त्याचे अमेरिकेतील व हिंदुस्थानातील सहकारी यांचा, दुसरा इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित प्रभृतींचा. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. या मुलांत ते शेकड्यांच्या पलीकडे, कित्येकदा हजारांत भरले. पण हा विल्सनचा रोग नव्हता. रक्तातील तांबेवाहक प्रथिन येथे कमी नव्हते, बुबुळाला कडे नव्हते, हातपाय थरथरत नव्हते. इतक्या लहान वयात तांबे मेंदूत जाऊन साचण्याची पाळी येण्याआधीच यकृत कोसळत होते. मग हे तांबे आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील मंडळींनी प्रयोगशाळेइतकेच घराघरांत जाऊन शोधले, आणि या साऱ्या इतिहासातील हा भाग मला सर्वांत आदरणीय वाटतो. डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि टॅनर यांनी आजारी मुलांच्या आयांना अगदी साध्या गोष्टी विचारल्या: बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, कोणाचे दिले, कशात तापवले, कशात ठेवले. १९८३ साली त्यांचा पहिला निष्कर्ष 'लॅन्सेट' मध्ये आला, आणि १९८७ साली आजारी मुले व त्यांच्या जोडीची निरोगी मुले यांची तुलना प्रसिद्ध झाली. आजारी मुलांना जनावराचे दूध फार लवकर सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवले वा ठेवले जात होते. गाईच्या दुधात मुळात तांबे फारच थोडे. पण पितळेच्या भांड्यात ते तापले आणि तासन्‌तास राहिले की दुधातील केसिन नावाचे प्रथिन धातूतून सुटणारे तांबे धरून ठेवते आणि बाळाच्या आतड्यापर्यंत बिनबोभाट पोहोचवते. नवजात बालकाच्या यकृतात आधीच तांब्याचा साठा मोठा असतो, आणि ते पित्तावाटे बाहेर टाकण्याची शक्ती अद्याप पुरती आलेली नसते. अशा यकृतावर दिवसातून चार-सहा वेळा ही भर पडत होती.

येथे मला पुन्हा त्या पळीच्या टोकाची आठवण होते. चिंच कळकते, ताक कळकते; दूध कळकत नाही. दूध गोड, पांढरे आणि सात्त्विक मानलेले. त्यात तांबे उतरले तरी ते हिरवे पडत नाही आणि जीभ तक्रार करीत नाही. जी बाई आंबट जिनसासाठी कल्हईचे पातेले काळजीपूर्वक निराळे काढी, तिला दुधाच्या पितळी भांड्याला कल्हई असलीच पाहिजे असे वाटण्याचे काही कारण नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणाने जिभेला कळेल तेवढ्याचा बंदोबस्त केला होता, आणि जिभेला न कळणारे तेवढे पाळण्यातल्या मुलाच्या वाट्याला आले. यात त्या माउलीचा काडीइतकाही कसूर नव्हता, हे आग्रहाने सांगितले पाहिजे.

सर्वच संशोधकांना हे उत्तर पुरते पटले असे नाही, आणि त्यांची शंका रास्त होती: कोट्यवधी मुले पितळेच्या भांड्यातील दूध पिऊन सुखरूप वाढली, मग मोजक्याच घरांत हे का व्हावे? त्याचे उत्तर बहुधा असे आहे की काही कुटुंबांत तांबे बाहेर टाकण्याची शक्ती जन्मतः उणी असते आणि पितळेचे भांडे त्या उणेपणावर बोट ठेवते. या अनुमानाला दूर देशाहून बळकटी आली. ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुले हुबेहूब अशाच यकृतरोगाने दगावली होती. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवीत, तेथेही रोग ठरावीक कुटुंबांत फिरे, आणि ती भांडी बदलली तेव्हा रोग नाहीसा झाला. ही हकीकत १९९६ साली प्रसिद्ध झाली. आल्प्सच्या पायथ्याची ती शेतकरी बाई आणि पुणे जिल्ह्यातील ही, दोघींनी एकमेकींचे नावही ऐकले नव्हते; दोघींच्या चुलीवर एकच धातू होता.

पुण्याच्या मंडळींनी पेनिसिलामीन याही मुलांना देऊन पाहिले, आणि कावीळ होण्यापूर्वी ते मिळाले त्यांपैकी कित्येक वाचली. परंतु औषधापेक्षा मोठे काम भांड्याने केले. अ‍ॅल्युमिनियम, ज्याला आपल्याकडे सर्रास 'जर्मन' म्हणत, ते आधीच आले होते. मग स्टील आले आणि गावोगावच्या बोहारणींनी जुनी पितळ नेऊन ते घराघरांत पोहोचवले. दूध कशात ठेवावे हा सल्ला डॉक्टरांच्या तोंडून आयांपर्यंत गेला, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत हा रोग इतका विरळ झाला की आज शिकून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टराने तो डोळ्यांनी पाहिलेला नसतो. शंभर वर्षे ज्याने पाळणे रिकामे केले त्याचे नाव आता पुस्तकात राहिले आहे. कल्हईवालेही त्याच सुमारास दिसेनासे झाले.

विल्सनचा रोग मात्र गेलेला नाही, कारण त्याचे मूळ भांड्यात नसून रक्ताच्या वारशात आहे. म्हणून वाचकांना दोन गोष्टी विनवावयाच्या आहेत. अडगळीतून काढलेली आजीची पितळी पातेली हौसेने पुन्हा चुलीवर चढवावयाची असतील तर खुशाल चढवा, पण आधी कल्हई करून घ्या आणि तान्ह्या मुलाचे दूध त्यांत तापवू वा ठेवू नका. आणि कोणत्याही तरुण मुलाचा वा मुलीचा हात कारणावाचून थरथरू लागला, अक्षर बिघडले, बोलणे जड झाले, किंवा लहान वयात कावीळ हटेनाशी झाली, तर यकृताचा आणि मेंदूचा वैद्य दोघांकडे न्या आणि डोळ्यांची कड दिव्याखाली तपासून घ्या; निदान विल्सनच्या रोगाचे निघाले तर त्या मुलाची सख्खी भावंडे, कितीही धडधाकट दिसत असली तरी, सर्वच्या सर्व तपासून घ्या. त्यांच्यापैकी प्रत्येकाला हा रोग असण्याचा संभव चारांत एक असतो, आणि हात थरथरण्यापूर्वी औषध सुरू झाले तर तो हात बहुधा कधीच थरथरत नाही.